सिस्टरची चकचकीत टाकी

सिस्टरला तिच्या नावाने हाक मारणारं माणूस जगात एकच उरलं होतं, ते म्हणजे तिची थोरली ताई. बाकी सगळ्यांची ती सिस्टर. शेजारपाजार, भाजीवाला, पोस्टमन, इतकंच काय, सख्खा नवरासुद्धा तिला सिस्टरच म्हणायचा. कुणी हसलं की तो म्हणायचा, "हसताय काय? या घरात तिच्या हुकमाशिवाय इकडची काडी तिकडे होत नाही. मग मी काय म्हणू, अगं राणी?"

सिस्टरची सगळी नोकरी मोठ्या हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये गेली. सर्जनने हात पुढे केला की न बोलता त्यात नेमकं हत्यार ठेवायचं, हे तिचं काम. आणि त्याआधी नि त्यानंतर सगळं स्वच्छ करायचं, हेही तिचंच. ती स्वच्छता म्हणजे तुमच्या-आमच्या घरातली, पाहुणे यायच्या आधी सोफ्याखाली सारलेली स्वच्छता नव्हे. तिथे शून्य म्हणजे शून्य. जंतू शून्य, डाग शून्य, हयगय शून्य. अशा खोलीत बाईची उमर गेली, तर तिच्या घरी काय असणार? तिच्याकडे चहाला जायचं तर आधी हात धुवायचे, आणि धुवायचे म्हणजे कोपरापर्यंत. तिचा दीर एकदा बोटं ओली करून आला, तर बाईने त्याला दारातूनच बेसिनकडे परत पाठवला. तेव्हापासून तो चहा पिऊनच येतो.

नवरा अगदी दुसऱ्या टोकाचा. तो कारखान्याचं कँटीन चालवायचा. तिथे त्याने माणसं जेवू घातली, तीही अशी की पंगतीतून उठताना बाकाला धरून उठावं लागे. "भुकेलं कुणी जाता कामा नये," हा त्याचा एकच धर्म. त्याचं कपडे टाकणं, पसरणं, सांडणं यावर सिस्टर रोज एकदा तरी कपाळाला हात लावायची. पण संसार छान चालला होता. एक सांडायचा, दुसरी पुसायची. दोघांनाही काम होतं.

आता या घरात समुद्र कसा आला ते सांगायला हवं.

नोकरीच्या शेवटच्या काळात सिस्टरच्या मनगटी घड्याळाचा पट्टा तुटला, म्हणून ती कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्या काकांकडे गेली. काका म्हणजे डोळ्याला भिंग लावून दिवसभर मान खाली घालून बसणारे म्हातारे गृहस्थ. जिभेने तिखट, मनाने लोणी. पट्टा बसेपर्यंत सिस्टरची नजर दुकानाच्या मागच्या खोलीत गेली, आणि तिथेच चिकटली. काचेची मोठी टाकी, तीत खारं पाणी, निळसर उजेड, आणि खडकांवर प्रवाळांची नुसती बाग. फांद्या काय, पंखे काय, आणि प्रत्येकाच्या अंगावर बारीक बारीक हलणारी लव. सिस्टर आत जाऊन उभी राहिली ती उभीच. काकांनी पट्टा बसवला, दुसऱ्या गिऱ्हाइकाचं काम केलं, तिसऱ्याला हाकललं, तरी बाई उभीच.

"बाई, पाय दुखतील," काका म्हणाले.

"काका, हे जिवंत आहे?"

"जिवंत म्हणजे? अहो, ही झाडं नाहीत, प्राणी आहेत. लाखो. एकेक सुईच्या टोकाएवढा. सगळे मिळून स्वतःचं घर बांधतात, ती ही फांदी."

झालं. बाईला वेडच लागलं. निवृत्त झाल्यावर तिने बैठकीच्या खोलीत, जिथे इतरांकडे टीव्ही असतो तिथे, टाकी बसवली. टीव्ही गेला आतल्या खोलीत, आणि त्याच्या मागोमाग नवराही.

या खाऱ्या पाण्याच्या नादी लागलेल्या मंडळींचा एक रिवाज आहे. आपल्या टाकीतलं प्रवाळ वाढलं की फांदी तोडायची आणि दुसऱ्याला द्यायची. पैसे घ्यायचे नाहीत. चांगुलपणा म्हणून नव्हे हो, चांगलं व्यवहारी डोकं आहे त्यामागे. टाकी ही बेभरवशाची. एक पंप बंद पडला की सगळा खेळ खलास. मग ज्याला आपण फांदी दिलेली असते, त्याच्याकडून पुन्हा एक तुकडा आणायचा. थोडक्यात, आपली ठेव दुसऱ्याच्या घरी ठेवायची. काकांकडे एक निळी होती, निळी म्हणजे अगदी शाईसारखी, टोकांना जांभळट झाक असलेली. ती त्यांनी जन्मभर सांभाळली होती. सगळे तिला निळीच म्हणायचे. सिस्टरची टाकी स्थिरावल्यावर काकांनी अंगठ्याएवढा निळीचा तुकडा आणून दिला. "पोरगी देतोय," म्हणाले. "नीट नांदवा."

आणि पुढच्या वर्षी काकांच्या टाकीतला हीटर अडकला. पाणी कोमट ठेवणारा हीटर बंदच झाला नाही. काका भाचीकडे गेले होते; परत आले तर पाणी गरम आणि सगळी बाग पांढरी. एकही वाचलं नाही. दुसऱ्यांची बारीक यंत्रं दुरुस्त करणारा माणूस, पण स्वतःच्या टाकीतल्या फालतू वस्तूने त्याचा घात केला. निळीचा तुकडा पूर्वी आणखी दोघांना दिलेला होता. एकाने नादच सोडला होता, दुसऱ्याकडची केव्हाच गेली होती. सिस्टर भेटायला गेली, तेव्हा काकांनी टाकी धुऊन पुसून तीत गिऱ्हाइकांनी परत न नेलेली जुनी घड्याळं रचून ठेवली होती.

"निळी तुमच्याकडे आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं.

"आहे काका."

"मग झालं."

हे "मग झालं" सिस्टरच्या उरावर बसलं. कारण निळी होती, पण नुसती होती. आणली तेव्हा अंगठ्याएवढी, वर्ष उलटलं तरी अंगठ्याएवढीच. आणि रंग? शाई कसली, धुऊन धुऊन विटलेल्या गणवेशासारखा फिका. अंगावरची लव दिवसचे दिवस बाहेर यायची नाही. मरत नव्हती आणि जगतही नव्हती. आख्ख्या जगात काकांच्या निळीचा हा एवढाच जीव उरला होता, आणि तो सिस्टरच्या हातात झुरत होता.

काका मधूनमधून फोन करायचे. "कशी आहे पोरगी?"

"मजेत आहे काका," सिस्टर म्हणायची आणि फोन ठेवून ओठ चावायची. आयुष्यात खोटं न बोललेली बाई. पण म्हाताऱ्याच्या तोंडावर कसं सांगणार, की तुमची पोरगी माझ्याकडे नांदत नाही?

मग ती रोग शोधायच्या मागे लागली. थिएटरची शिस्तच होती: अंदाजाने काही करायचं नाही, एकेक कारण घ्यायचं आणि तपासायचं. आधी उजेड. दिवे खाली घेतले, वर घेतले, शेवटी नवे आणले. पंधरवडा वाट पाहिली, निळी ढिम्म. मग पाण्याचा झोत. प्रवाळाला वारं लागावं तसं पाणी लागतं, म्हणून आणखी एक पंप बसवला. आता टाकीत असं वादळ उठलं की एक पिवळा मासा खडकामागे लपला तो जेवायलाच बाहेर येईना. मग क्षार. प्रवाळ स्वतःचं घर बांधतं ते पाण्यातल्या चुन्यातून, म्हणून तिने चुना मोजला, खारटपणा मोजला, ते मोजायचं यंत्रही तपासून घेतलं. सगळं जिथल्या तिथे. निळीला डाव्या खडकावर ठेवलं, उजव्या ठेवलं, वर ठेवलं, खाली ठेवलं. पेशंटच्या खाटा हलवाव्यात तसा तिने त्या बिचारीला अख्खा वॉर्ड फिरवून आणला.

मासेवाल्या दुकानदाराला विचारलं, तर तो म्हणाला, "मॅडम, घाण जास्त झाली की असं होतं. नायट्रेट, फॉस्फेट बघितलंत?"

"शून्य," सिस्टर ताठ मानेने म्हणाली. "दोन्ही. दर आठवड्याला बघते. शून्यच असतं."

"वा!" दुकानदार म्हणाला. "असं गिऱ्हाईक बघितलं नाही." आणि त्याने तिला एक महागडी बाटली विकली.

शून्य असणारच. माशांची विष्ठा, उरलेलं खाणं हे सगळं पाण्यात विरतं, त्याचीच ती दोन द्रव्यं होतात, आणि सिस्टर त्यांना विरूच देत नव्हती. पाणी जिथून खाली वाहतं तिथे कापडाची एक गाळणी असते. ती पायमोज्यासारखी दिसते, म्हणून घरात तिला मोजाच म्हणायचे. लोक मोजा आठवड्याने बदलतात. सिस्टर रोज बदलायची, आणि उकळून वाळवायची. काचेवर हिरवा ठिपका दिसला की तो खरवडून काढायची. खडकांच्या फटी पिचकारीने झाडायची. माशांना चिमटीने मोजून खाणं, तेही धुऊन. होय, माशांचं खाणं ती धुवायची! गोठवलेले बारीक झिंगे गाळणीत घेऊन नळाखाली. नवरा ते बघून तळमळायचा.

"अगं, चव गेली ना त्यांची!"

"तुम्ही टाकीला हात लावायचा नाही."

"हात कुठे लावतोय? पण तो पिवळा माझ्याकडे बघतो गं. उपाशी पोराची नजर ओळखतो मी."

"तुमच्या नजरेने अर्धा कारखाना लठ्ठ झाला. गप्प बसा."

घरी येणारा जाणारा मात्र टाकी बघून थक्क व्हायचा. काच आहे की नाही ते कळू नये इतकी लख्ख, पाणी आहे की नाही ते कळू नये इतकं नितळ. सिस्टर ऐकून घ्यायची, पण तिचं लक्ष त्या फिकट तुकड्यावर. एकदा निळीच्या एका कडेची कातडी सुटल्यासारखी दिसली, खालची पांढरी हाडं दिसली, आणि ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून रडली. नवऱ्याला कळलं. त्याने जरा जास्त लोणी लावून पाव भाजून दिला. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर तेवढंच औषध होतं.

"काकांना सांगून टाक," तो म्हणाला.

"काय सांगू? तुमची एकच उरली होती, तीही मी घालवली?"

अशात ताईचा गुडघा निघाला. म्हणजे गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, दुसऱ्या गावी. घरात सुना-लेकी होत्या, पण ताईने फोनवर जाहीर केलं, "माझ्या पायाला तुझ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. नाहीतर मी लंगडीच बरी." थोरल्या बहिणीचा हुकूम. सिस्टर जाणार होती ती महिन्या-दीड महिन्यासाठी. टाकी कुणाच्या भरवशावर टाकायची? सगळं जग चाळून झालं, शेवटी उरला नवरा.

तिने त्याला समोर बसवून शिकवलं. मोजा रोज बदलायचा. काच रोज पुसायची. खाणं चिमूटभर, धुऊन. शनिवारी पाणी बदलायचं. त्याच्याकडून पाठ म्हणून घेतलं. निघताना तिने निळीकडे बघितलं आणि बॅग उचलली. परत येईन तेव्हा ही नसेल, हे तिने मनाशी जवळजवळ मान्य केलं होतं.

मग रोज फोन.

"अहो, मोजा बदलला का?"

"बदलला."

"काच पुसली?"

"अगं, आरसा झालाय! दाढी तिच्यातच बघून करतो."

"निळी?"

"आहे ना. ताईचा गुडघा काय म्हणतो?"

सिस्टरला बरं वाटायचं. काय माणूस आहे, उगाच आपण बोलतो त्याला, असंही वाटून गेलं. ताईचा गुडघा वळायला लागला, ताई काठी घेऊन सुनेच्या मागे फिरायला लागली, तेव्हा सिस्टर परत निघाली.

दार उघडलं आणि बॅग हातातून गळाली.

समोर टाकी हिरवी होती. काचेवर शेवाळाचा थर. खडकांवर तपकिरी लव, आणि तळाला काय काय पडलेलं. मोजा जागेवर नव्हताच. आणि मासे! पिवळा मासा खडकामागून बाहेर येऊन मधोमध फिरत होता, पोट सुटलेल्या सावकारासारखा. नवरा स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभा, तोंडावर असं हसू की जणू बक्षीसच मिळणार आहे.

"अहो!" सिस्टर ओरडली. वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. "हा आरसा? यात दाढी करता? हिला काय म्हणायचं, टाकी की डबकं? मेली असेल माझी निळी, मेली असेल!"

"अगं, आधी हात धू, पाणी पी—"

"मला हात धुवायला सांगताय? तुम्ही? मला?"

तिने पदर खोचला, खरवडायची पट्टी उचलली, एक दणदणीत पट्टा काचेवर ओढला. त्या स्वच्छ झालेल्या पट्टीएवढ्या फटीतून तिला आत दिसलं, आणि पट्टी हातातच राहिली.

निळी निळी होती. शाईसारखी. अंगभर लव फुललेली, पाण्याच्या झोतात सळसळत होती. आणि टोकाला पांढरं, कोवळं, नवीन काहीतरी आलं होतं. प्रवाळ वाढायला लागलं की टोक असं पांढरं दिसतं. काकांकडे तिने ते कितीदा बघितलं होतं, स्वतःच्या घरी कधीच नाही. कडेची उघडी पडलेली हाडंही नव्या कातडीने झाकली गेली होती.

सिस्टर खुर्ची ओढून बसली. नवरा घाबरला. बायको ओरडते तेव्हा तो बिनधास्त असायचा, ओरडणं थांबलं की दाराकडे सरकायचा.

"इकडे या," ती म्हणाली. "बसा. आता खरं सांगा. काय केलंत?"

"काही नाही केलं."

"मोजा?"

"तो भरून गुरगुरायला लागला. टीव्ही ऐकू येईना. काढून टाकला."

"केव्हा?"

"तू गेलीस ना... त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"काच?"

नवऱ्याने छताकडे बघितलं.

"पाणी बदललंत?"

"एकदा. अर्धी बादली. कंबर धरली."

"खाणं?"

इथे मात्र त्या माणसाची छाती फुगली. "सकाळ, दुपार, संध्याकाळ. पोटभर! धुतलं नाही हं, जसंच्या तसं, रसासकट. सिस्टर, खरं सांगतो, पहिल्या दिवशी त्यांनी असं खाल्लं, असं खाल्लं, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं."

सिस्टरने तपासणीची बाटली काढली. टाकीचं पाणी घेतलं, औषधाचे थेंब टाकले. आजवर हे पाणी थेंब टाकल्यावर पांढरं ते पांढरंच राहायचं, आणि ती म्हणायची, शाब्बास. आज ते हळूहळू गुलाबी झालं. गडद नाही, फिकं गुलाबी. ती त्या रंगाकडे बघत राहिली आणि एकेक गोष्ट तिच्या डोक्यात जागेवर बसत गेली.

प्रवाळाच्या कातडीत शेवाळाचे अदृश्य कण राहतात. ते उजेडात अन्न शिजवतात, त्यावर प्रवाळ जगतं. त्या कणांना थोडं खत लागतं. आणि टाकीत खत म्हणजे काय? माशांची घाण. तीच घाण जी सिस्टर रोज खरवडून, उकळून, धुऊन, शून्यावर आणून ठेवत होती. उजेड होता, झोत होता, चुना होता, पण चुलीत घालायला काटकी नव्हती. पुस्तकात घाण कमी ठेवा असं लिहिलं होतं. अजिबात नको असं कुणीच लिहिलं नव्हतं. ते सिस्टरने स्वतःच्या मनाने वाचलं होतं, कारण थिएटरमध्ये कमी म्हणजे शून्यच.

"उपाशी मारलं हो मी तिला," ती म्हणाली. "वर्षभर. दिवे लावून, वारा घालून, उपाशी."

आणि मग तिला एकदम हसू फुटलं. हसता हसता रडू आलं, रडता रडता पुन्हा हसू. "तुमच्या आळसाने वाचवली तिला! खोटारडे कुठचे!"

"आळस म्हणू नकोस," नवरा दुखावून म्हणाला. "पाहुणचार म्हण."

त्या दिवसापासून खाण्याचं खातं नवऱ्याकडे गेलं. तिन्ही त्रिकाळ मात्र नाही. सिस्टरने त्याला सकाळ-संध्याकाळवर आणलं, तो अधूनमधून दुपारीही चोरून चिमूट टाकायचा. समोरची काच पुसायची, मागची आणि बाजूच्या तशाच सोडायच्या. मोजा आठवड्याने. बाटलीतलं पाणी फिकं गुलाबी राहिलं पाहिजे, ना पांढरं, ना गडद. ऐकायला सोपं वाटतं, पण सिस्टरला काय यातना झाल्या ते तिचं तिला ठाऊक. बाजूच्या काचेवर शेवाळ दिसायचं आणि तिचे हात शिवशिवायचे. मग ती उठून घरातली भांडी पुन्हा घासायची. भांडी तेवढी चमकली नव्हती कधी. येणारे जाणारे आता म्हणायचे, "टाकीकडे लक्ष नाही वाटतं हल्ली?" बाई म्हणायची, "नाही हो, जमत नाही."

आणि निळी वाढत होती. आधी टोक लांबलं, मग टोकाला दोन फाटे फुटले, मग बुडातून नवा कोंब आला. थंडी जाऊन उन्हाळा आला, तोवर ती हाताच्या पंजाएवढी झाली. तेव्हा सिस्टरने काकांना फोन केला. "काका, घरी या. बरणी घेऊन या."

काका आले. जिने चढून धापा टाकत, काखेत झाकणाची बरणी. नियमाप्रमाणे बेसिनकडे गेले आणि कोपरापर्यंत हात धुतले. टाकीसमोर आले, खिशातलं भिंग डोळ्याला लावलं आणि बघत राहिले. सिस्टर त्यांच्या मागे उभी राहून बोलायला लागली. तिने सगळं सांगून टाकलं. वर्षभर फिकी होती, वाढत नव्हती, फोनवर मजेत आहे म्हणाली ते खोटं होतं.

काका गर्रकन वळले. "आणि मला विचारलं नाहीत?"

"तुम्हाला कसं विचारू काका? आधीच तुमची सगळी—"

"अहो, एक शब्द! शून्य म्हणाला असतात ना, मी तिथल्या तिथे सांगितलं असतं, बाई, माशांना जेवायला घाला! मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोललात, आणि पोरगी वर्षभर उपाशी. शाबास!" म्हातारा खरोखर तापला होता. सिस्टर खाली मान घालून उभी. नवरा मध्ये पडायला बघत होता, पण पाव भाजण्यापलीकडे त्याला काही सुचेना.

मग काका पुन्हा टाकीकडे वळले. राग जसा आला तसा उतरला.

"घ्या काका," सिस्टर म्हणाली. "सगळी घेऊन जा. तुमची आहे, परत घ्या."

"परत कसली? माझी मेली. मेलेली परत येत नसते." काकांनी भिंग काढलं. त्यांचे डोळे ओले होते आणि ते लपवायचा त्यांनी काही प्रयत्न केला नाही. "ही तुमची आहे. मी घड्याळं काढून टाकलीत टाकीतून. पाणी भरून ठेवलंय, हीटर नवा घेतलाय. मी मागायला आलोय. सिस्टर, एक तुकडा द्याल का मला?"

सिस्टरने मान हलवली.

फांदी तोडायची ती ज्याची टाकी त्यानेच, हा त्या मंडळींचा दुसरा रिवाज. काकांचे हात तिच्यापेक्षा बारीक कामाला सरावलेले, पण ते मागे सरून उभे राहिले. तोडायला लागतो हाडं कापायचा कटर, तोच, जो थिएटरमध्ये असतो. सिस्टरने तो हजार वेळा धुतला होता, हजार वेळा दुसऱ्याच्या हातात दिला होता. स्वतः कापलं कधीच नव्हतं. कापणारे दुसरे. तिने टाकीतून निळी काढून ताटलीतल्या पाण्यात ठेवली, डावा हात बुडाशी लावला, आणि उजवा हात नकळत बाजूला पसरला.

"कटर," ती म्हणाली.

नवऱ्याने एकदम तिच्या तळव्यात कटर ठेवला. उलटा ठेवला. तिने तो सरळ केला.

कट्. केवढासा आवाज. फांदी वेगळी झाली, आणि कापलेल्या जागी आतलं पांढरंशुभ्र अंग दिसलं. निळीची सगळी लव क्षणात आत गेली, दोन्ही तुकड्यांवरची. दोन्ही एकदम निर्जीव दगडासारखे दिसायला लागले. सिस्टरने मोठा भाग टाकीत परत ठेवला, फाटा बरणीतल्या पाण्यात सोडला आणि झाकण लावलं.

काकांनी बरणी दोन्ही हातांनी छातीशी धरली. मघाचा तिखट म्हातारा कुठच्या कुठे गेला होता.

"जगेल ना हो?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न सिस्टरने आयुष्यभर ऐकला होता. थिएटरचं दार उघडून ती बाहेर आली की नातेवाईक उठून उभे राहायचे आणि नेमकं हेच विचारायचे, अशाच आवाजात. आणि तिने दरवेळी एकच उत्तर दिलं होतं, डॉक्टर सांगतील. कितीदा तिला आतलं ठाऊक असायचं, कितीदा जिभेवर यायचं, पण सांगायचं काम तिचं नव्हतं. आजही तिने सवयीने मान वळवून मागे बघितलं. मागे फक्त नवरा होता, हातात लोण्याची सुरी घेऊन.

तिने ओले हात साडीला पुसले.

"जगेल, काका," ती म्हणाली. "मी सांगते ना. जगेल."